कीव आली की पाठ सोपा होतो

वाचकाचं पत्र

मी शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवते. आमचे छात्रशिक्षक सरावासाठी ज्या शाळांत जातात, तिथली बहुतेक मुलं अतिशय गरीब घरांतली आहेत. यंदाच्या दोन प्रसंगांनी मी अस्वस्थ झाले आहे. एका छात्रशिक्षिकेने स्वतःच्या पैशांनी काही मुलांना वह्या आणि चपला घेऊन दिल्या. मग रोज कुणी ना कुणी काहीतरी मागायला येऊ लागलं. तिची झोप उडाली आणि शेवटी सराव अर्धवट टाकून ती घरी बसली. दुसऱ्या एका छात्रशिक्षकाचा वर्ग अगदी शांत होता. मुलं फळ्यावरचं उतरवून घेत होती. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, या मुलांना एवढंच झेपतं. आधीच त्यांच्यामागे किती व्याप आहेत, त्यात मी आणखी भर कशाला घालू?" निरीक्षकांनी त्याला उत्तम शेरा दिला. पुढची तुकडी लवकरच शाळांत जाणार आहे. 'गरीब मुलांचं मानसशास्त्र' या विषयावर एक दिवसाची कार्यशाळा घ्या म्हणजे झालं, असं प्राचार्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय करावं, तेही नीट सुचत नाही.

— एक प्राध्यापिका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमची विद्यार्थिनी कोलमडली, म्हणून पत्रात तिची काळजी आधी आली आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितेच. पण पत्र वाचून मला जास्त घोर लागला तो त्या शांत वर्गाचा. काहीतरी चुकतंय, एवढं त्या मुलीला निदान जाणवलं. त्या मुलाच्या हातात मात्र उत्तम शेरा आहे. आता नोकरी संपेपर्यंत तो असंच शिकवेल.

तो वाईट शिक्षक आहे असं मला अजिबात वाटत नाही. "आणखी भर कशाला घालू" या बोलण्यात माया आहे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. मुलाची कीव आली की शिक्षक आधी प्रश्न सोपा करतो, मग लहान करतो, मग विचारणंच सोडून देतो. मुलांना सर आवडतात, सरांना वर्ग आवडतो, कुणाचीच तक्रार नसते. आणि चार वर्षांनी त्याच वर्गातल्या मुलाला साधा परिच्छेद वाचून त्याचा अर्थ सांगता येत नाही. सुखवस्तू घरातल्या मुलाचं शाळेत असं नुकसान झालं तर घर ते भरून काढतं. शिकवणी लागते, घरात पुस्तकं असतात, कुणीतरी शेजारी बसून समजावतं. गरीब घरातल्या अनेक मुलांना शाळेतला तास सोडला तर दुसरा तास नसतो. तो उतरवून घेण्यात गेला की गेला.

म्हणून माझं सगळं सांगणं एवढ्यावरच येतं: मुलांपुढे अवघड गोष्ट ठेवायची आणि ती जमेपर्यंत त्यांच्याजवळ थांबायचं, हे तुमच्या छात्रशिक्षकांना शिकवा. बाकीची तयारी त्यासाठी.

मार्टिन हॅबरमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी आयुष्याचा मोठा भाग याच कामात घालवला. मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या शाळांसाठी शिक्षक कसे निवडावेत, कसे घडवावेत, हा त्यांचा विषय. अशा शाळांत दिवसभर काय चालतं, याची १४ कामांची यादी त्यांनी १९९१ मध्ये मांडली. माहिती सांगणं, प्रश्न विचारणं, सूचना देणं, स्वाध्याय देणं, मुलं तो करताहेत ना यावर नजर ठेवणं, चाचणी घेणं, गृहपाठ तपासणं, भांडणं सोडवणं, शिक्षा करणं, गुण देणं, अशी ती यादी आहे. यातल्या प्रत्येक कामाची कधी ना कधी गरज पडतेच, असं तेही म्हणतात. पण शाळेत एवढंच उरतं आणि दुसरं काहीच घडत नाही, तेव्हा त्या शिकवण्याला त्यांनी 'गरिबीची अध्यापनपद्धती' असं नाव दिलं.

त्यांची आणखी एक गोष्ट तुमच्या छात्रशिक्षकांना मुद्दाम सांगा. मुलांनाही ही पद्धत सोयीची वाटते. उतरवून घ्या म्हटलं की मूल उतरवून घेतं, विचार करण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, चुकण्याची भीती नसते. त्यामुळे एखादा नवा शिक्षक "तुला काय वाटतं?" असं विचारू लागला की आधी गोंधळ होतो. मुलं टाळतात, चेष्टा करतात, दंगा करतात. तो दंगा म्हणजे आपलं अपयश, असं समजून नवा शिक्षक दोन दिवसांत पुन्हा फळ्याकडे वळतो आणि वर्ग पुन्हा शांत होतो. हे होणार आहे, असं आधीच कानावर घातलेलं असेल तर माणूस टिकून राहतो. नाहीतर "या मुलांना एवढंच झेपतं" हा निष्कर्ष त्याच्या अनुभवातूनच सिद्ध झाल्यासारखा वाटतो.

आता त्या उत्तम शेऱ्याकडे येऊ. तुमच्या निरीक्षण-तक्त्यात वर्गनियंत्रण, फलकलेखन, आवाज, साधनांचा वापर असे रकाने असतील. त्या तक्त्यानुसार त्या निरीक्षकांनी बरोबरच गुण दिले. तक्ता बदला. तासात किती मुलं स्वतःच्या शब्दांत बोलली, मागच्या रांगेतल्या मुलांना किती वेळा विचारलं, चुकीचं उत्तर आल्यावर शिक्षकाने पुढे काय केलं, तासाच्या शेवटी मुलांना असं काय येत होतं जे सुरुवातीला येत नव्हतं, एवढंच निरीक्षकाने लिहून आणायचं. यासाठी अभ्यासक्रमाला हात लावावा लागत नाही आणि कुणाच्या मंजुरीसाठी फार थांबावंही लागत नाही. छात्रशिक्षक ज्याला गुण मिळतात तेच करतात, हे तुम्ही माझ्याइतकंच जाणता.

चुकीच्या उत्तराबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण कीव सगळ्यात जास्त तिथे लपते. मेरी बड रो या संशोधक बाईंनी प्राथमिक वर्गांतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांब होतात, गप्प राहणारी मुलं बोलू लागतात, मुलं स्वतःहून प्रश्न विचारतात. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातला मला सगळ्यात बोचणारा भाग वेगळाच आहे. शिक्षक ज्यांना हुशार समजत होते त्या मुलांसाठी ते जवळजवळ दोन सेकंद थांबत. ज्यांना कच्ची समजत होते त्यांच्यासाठी एक सेकंदही नाही. हे कुणी ठरवून करत नाही. मूल अडखळतं, शिक्षकाला वाटतं त्याची फजिती नको, आणि तो पटकन दुसऱ्याकडे वळतो. मुलाला मात्र कळतं की आपल्याकडून उत्तराची अपेक्षाच नाही.

यावर व्याख्यान देऊ नका. प्रत्येकाला स्वतःच्या एका तासाचं मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायला सांगा, शाळेची परवानगी घेऊन. मग जोडीने बसून ते ऐकायचं. कोणाला प्रश्न गेला, किती थांबलो, उत्तर चुकल्यावर पुढचं वाक्य काय होतं, हे मांडायचं. स्वतःचा आवाज ऐकून जे कळतं ते दुसऱ्याने सांगून कळत नाही. मग नवं टाचण काढून पुढचा पाठ घ्यायचा, त्याच मुलांसमोर, आणि पुन्हा ऐकायचं.

प्राचार्यांच्या 'गरीब मुलांचं मानसशास्त्र' या कल्पनेला तुमचा विरोध योग्य आहे, आणि तो मांडायला तुम्हाला आधारही आहे. गरिबांची म्हणून एक वेगळी संस्कृती असते, ती पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते, हा विचार मानववंशशास्त्रज्ञ ऑस्कर लुईस यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस मांडला. त्यावर पुढे भरपूर टीका झाली, तरी शिक्षकांच्या प्रशिक्षणात तो वेगवेगळ्या रूपांत परत येत राहिला. गरीब मुलं अशी वागतात, गरीब पालकांना शिक्षणाचं महत्त्व नसतं, यांची भाषाच तोकडी असते, अशी वाक्यं एका दिवसाच्या कार्यशाळेत फार पटकन वहीत उतरतात. आणि एकदा उतरली की शिक्षक वर्गात तेच शोधत बसतो. गरीब मुलं एकमेकांसारखी नसतात. त्यांच्यात सारखी असते ती परिस्थिती, म्हणजे पैशाची चणचण, जागेची चणचण आणि उद्याची खात्री नसणं.

ती परिस्थिती डोक्यावर काय ओझं टाकते, हे मात्र शिकवण्यासारखं आहे. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांची कोडी सोडवण्याची क्षमता तोडणीआधी, हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर, पैसा आल्यावर, अशी दोनदा तपासली होती. माणसं तीच, पण तंगीच्या काळात त्यांची कामगिरी खाली होती. तो अभ्यास प्रौढांचा आहे, तो जसाच्या तसा मुलांना लावू नये. पण चिंता लक्ष खाते आणि बाहेरून ते बुद्धी कमी असल्यासारखं दिसतं, एवढं छात्रशिक्षकाच्या मनात ठसलं तरी पुष्कळ झालं.

आणि याची दुसरी बाजू दाखवल्याशिवाय तो तास संपवू नका. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या मुलांचा एक छोटासा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं पाचच होती, पण निकाल असा होता की आजही तो विसरता येत नाही. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले, इतक्या नगांचे किती, सुटे किती परत देशील, असं विचारत राहिले. मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. नंतर त्याच मुलांना तेच हिशेब कागदावर, शाळेतल्या बेरीज-गुणाकाराच्या रूपात दिले, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. शाब्दिक उदाहरणं दिली तेव्हा ती सुमारे ७४ टक्के होती. हे आकडे फळ्यावर लिहा आणि छात्रशिक्षकांना विचारा, या मुलांना गणित येतं की येत नाही? तास त्या चर्चेतच जाऊ द्या. फक्त शेवटी एक गोष्ट निसटू देऊ नका. रस्त्यावरचा हिशेब येतो म्हणून कागदावरचं गणित नको, असा याचा अर्थ होत नाही. मुलाला आधीच येत असलेल्या हिशेबापासून कागदावरच्या रीतीपर्यंत वाट बांधणं हे शिक्षकाचं काम आहे. ती वाट बांधायला विषयाचं पक्कं ज्ञान लागतं. कच्चं गणित असलेला शिक्षक कितीही मायाळू असला तरी इथे उपयोगाचा नाही. म्हणून तुमच्या छात्रशिक्षकांचं स्वतःचं वाचन आणि गणित तपासायला संकोच करू नका.

अपेक्षांबद्दल रोझेंथाल आणि जेकबसन यांचा १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तुम्ही शिकवतच असाल. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली काही मुलं यंदा झेप घेणार आहेत असं शिक्षकांना सांगितलं, आणि वर्षभरात त्यातल्या लहान मुलांची बुद्धिचाचणीतली वाढ इतरांपेक्षा जास्त निघाली. मोठ्या इयत्तांत तसं दिसलं नाही आणि परिणाम नेमका किती मोठा, यावर नंतर खूप वाद झाला. तेही सांगा. नाहीतर "मनापासून विश्वास ठेवा, मूल आपोआप शिकेल" असा भाबडा अर्थ निघतो. शिक्षक दिवसाला शंभर वेळा काय करतो, त्यातून मुलाला त्याची अपेक्षा दिसते. नुसती मनात ठेवलेली त्याच्यापर्यंत पोचत नाही.

पालकांबद्दलची तक्रार तुमच्या पत्रात नाही, पण ती तुमच्या छात्रशिक्षकांच्या तोंडी नक्कीच असणार: बोलावलं तरी पालक येत नाहीत. सभेची वेळ रोजंदारी बुडवणारी असेल, मागच्या वेळी सगळ्यांसमोर फी थकल्याचं ऐकवलं गेलं असेल, किंवा स्वतःच्या शाळेच्या दिवसांत अपमानच वाट्याला आला असेल, तर मीही गेले नसते. अमेरिकेत टूसॉन शहरात मेक्सिकन वंशाच्या कामगार कुटुंबांबाबत एक वेगळा प्रयोग झाला, त्याची मांडणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. शिक्षकच विद्यार्थ्यांच्या घरी गेले. ते काही सांगायला गेले नव्हते, या घराला काय काय येतं ते विचारायला गेले होते. शेती, बांधकाम, दुरुस्ती, व्यापार, घरगुती औषधं, अशा ज्ञानाचा साठा त्यांना दिसला. आपला एक विद्यार्थी मेक्सिकोतल्या गोळ्या-मिठाया विकतो हे एका शिक्षिकेला कळलं, तेव्हा तिने मिठाईतले घटक, तिचं उत्पादन, तिची विक्री यावर वर्गाचा अभ्यासच उभा केला आणि एका आईला शिकवायला वर्गात बोलावलं. प्रत्येक छात्रशिक्षकाने एका तरी घरी अशा नजरेनं जाऊन यावं. आधी विचारून, वेळ त्यांच्या सोयीची, वहीत टिपणं न काढता. दारिद्र्य बघायला म्हणून वस्तीत सहल काढू नका, आणि एक दिवस गरीब असल्याचं नाटक करायचा खेळही नको. त्यातून डोळ्यांत पाणी येतं, पण दुसऱ्या दिवशी शिकवताना त्याचा उपयोग होत नाही.

एक काम मात्र मी जरूर द्यायला सांगेन. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या शाळांतून मुलांशीच बोलून शाळेचा दिवस घरापासून घरापर्यंत तपासला गेला: कुठे पैसे लागतात, कुठे लाज वाटते? तुमच्या छात्रशिक्षकांनी सरावाच्या शाळेत हेच करावं. प्रकल्पाचं सामान घरून आणा म्हटलं की कोण गैरहजर राहतं, 'माझी सहल' या निबंधात कोण काय लिहितं, वाढदिवस वर्गात साजरे होतात तेव्हा कोण मान खाली घालतं, इंटरनेट लागणारा गृहपाठ कोणाचा होत नाही, मदत मिळणाऱ्या मुलांची नावं मोठ्यानं वाचली जातात का. यातल्या बऱ्याच गोष्टी शिक्षकाला एका पैशाशिवाय बदलता येतात. आणि मूल मंद आहे असं म्हणण्याआधी त्याला फळा दिसतो का, नीट ऐकू येतं का, ते उपाशी आलं आहे का, रात्री झोपलं होतं का, एवढं बघायची सवयच लागायला हवी.

आता तुमच्या त्या विद्यार्थिनीबद्दल. तिचं मन मोडू नका. तिने मुलांकडे पाहिलं, हे तिच्या बाजूचं मोठं लक्षण आहे. तिला कुणी हे सांगितलं नव्हतं की वह्या-चपलांची गरज खरी असली तरी ती एका पगार नसलेल्या मुलीच्या पाकिटातून भागायची नसते. मदत शाळेमार्फत जावी. नियम ठरलेला असावा, सगळ्यांना लागू असावा, आणि देणाऱ्याचं नाव मुलाला कळू नये. म्हणजे मुलाला शिक्षिकेपुढे हात पसरावा लागत नाही आणि कुणाला मिळालं, कुणाला नाही, हा सल राहत नाही. सरावाला जाण्याआधी प्रत्येकाकडे एक कागद असू द्या: या शाळेत भुकेबद्दल कुणाशी बोलायचं, आजारपणाबद्दल कुणाशी, घरात मारहाण होत असल्याचं कळलं तर कुणाला आणि किती तातडीनं कळवायचं. शिक्षकाने सगळं स्वतःच करायचं नसतं, पण पाहिलेलं गिळायचंही नसतं. तिला भेटा, हे सगळं तिच्याशी बोला आणि सराव पुन्हा पूर्ण करायची संधी द्या. अशी मुलगी या कामातून गळणं आपल्याला परवडणारं नाही.

प्राचार्यांकडे एक दिवसाच्या कार्यशाळेऐवजी काय मागायचं? चार शाळांत थोडे थोडे दिवस जाण्याऐवजी एकाच शाळेत, एकाच वर्गात, सलग मोठा काळ. आणि त्या वर्गावर अशी शिक्षिका किंवा शिक्षक असावा, ज्याच्या हाताखाली गरीब मुलं खरोखर शिकताना दिसतात. अशी माणसं प्रत्येक भागात असतात. ती बहुधा भाषणं करत नाहीत, त्यामुळे शोधावी लागतात. दोन छात्रशिक्षकांना अशा एका व्यक्तीजवळ ठेवलंत तर माझ्या मते निम्मं प्रशिक्षण तिथेच होईल. अमेरिकेत शिकागो आणि बॉस्टन इथे २००० नंतर अशी वर्षभराची व्यवस्था उभी राहिली, डॉक्टर जसे रुग्णालयात वरिष्ठांच्या हाताखाली तयार होतात त्या धर्तीवर. एक वर्ष तुमच्या हातात नसेल, पण जे आठवडे आहेत ते तरी तुकड्या-तुकड्यांत वाटू नका.

शेवटची गोष्ट पुढच्या तुकडीच्या निरोपाआधी करून ठेवायची आहे. न्यूयॉर्कमधल्या चौथी-पाचवीच्या वर्गांचा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षक वारंवार बदलतात तिथे मुलांच्या शिकण्याला धक्का बसतो, आणि अभ्यासात मागे असलेली मुलं जास्त असलेल्या शाळांत तो जास्त बसतो, असं त्यात दिसलं. नवे शिक्षक अशा शाळा सोडतात, त्यामागे एकटं पडणं हेही एक कारण असतं. तेव्हा तुमच्या विद्यार्थ्यांना नोकरी लागल्यावर पहिलं वर्षभर महिन्यातून एकदा भेटता येईल, अशी जागा आणि वेळ आत्ताच ठरवा. भेटीत भाषण नको, प्रत्येकाने एका अडलेल्या मुलाची वही घेऊन यायचं आणि सगळ्यांनी मिळून ती वाचायची. शांत वर्गाबद्दल उत्तम शेरा मिळालेल्या त्या छात्रशिक्षकालाही त्या बैठकीला आवर्जून बोलवा. तो शिकेल असं मला वाटतं. त्याला मुलांबद्दल माया आहे, तिच्यातून काम कसं उभं करायचं हे त्याला अजून कुणी दाखवलेलं नाही.